आवळ्याच्या नावाचे शहर

क्वालालंपूरमध्ये आम्ही साडेतीन वर्षे राहिलो. त्या काळात मलाक्काला पंचवीस-तीस वेळा तरी गेलो असू. ओळखीचे लोक विचारत, "तेच ते शहर पुन्हा पुन्हा काय बघता?" त्यांना आम्ही चेंदोलचे, नदीचे, जुन्या मशिदींचे नाव सांगत असू. ते खरेच होते. पण आमचे तिथे जाणे सुरू झाले ते एका भांडणापासून.

आम्हा दोघांपैकी एकाला तिथल्या कंपनीत नोकरी मिळाली आणि दुसरीने त्यासाठी खेडच्या शाळेतली सहा वर्षांची नोकरी सोडली. व्हिसा असा होता की तिला तिथे नोकरी करता येत नव्हती. सतराव्या मजल्यावरचा फ्लॅट, सकाळी आठ ते रात्री सात घरात कोणी नाही, शेजाऱ्यांची भाषा कळत नाही. चौथ्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री ती म्हणाली, "मी इथे तुमचा डबा करायला आले का?" उत्तरादाखल जे बोलले गेले ते इथे लिहिण्यासारखे नाही. शनिवारी सकाळी दोघेही न बोलता चहा प्यायलो आणि मग "चल, कुठेतरी जाऊन येऊ" एवढेच ठरले. बस स्थानकावर पाटीवर जी पहिली गाडी दिसली, ती मलाक्काची होती.

अंतर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, वेळ दोन तास. वाटेत दोन्ही बाजूंना तेलमाडांच्या बागा. मलाक्का सेंट्रल या स्थानकावर उतरून शहर बसने जुन्या भागात गेलो. समोर तो प्रसिद्ध लाल चौक: डचांनी बांधलेली स्टाटहाउस ही कचेरी, 1753 चे ख्राइस्ट चर्च, आणि कागदी फुलांनी, बाहुल्यांनी मढवलेल्या, मोठ्याने गाणी वाजवणाऱ्या तीनचाकी सायकलरिक्षा. ऊन कोकणातल्या मे महिन्यासारखे. पूल ओलांडून जुन्या गल्ल्यांत शिरलो. अरुंद तोंडाची, आत लांबच लांब गेलेली दुमजली घरे, पुढे सलग पडवी. त्या पडवीतून आम्ही एकामागे एक चालत होतो, बरोबर नव्हे.

तेवढ्यात असरची अजान झाली. आवाजाच्या रोखाने गेलो तर समोर एक उतरंडीसारखा, मजल्यामजल्यांचा मनोरा. चिनी देवळापुढे येऊन उभे राहिलो की काय असे वाटले. पण पाटीवर लिहिले होते: मस्जिद कम्पुंग क्लिंग.

आपल्याकडे प्रवासात एक गोष्ट ठरलेली असते. मशीद दिसली की पुरुष आत जाऊन नमाज पढून येतो आणि बाई गाडीत बसून राहते. तिची असर घरी पोहोचल्यावर कजा पढायची. त्यामुळे ती सवयीने फाटकाजवळच्या पायरीवर बसली. आतून एक वयस्क बाई बाहेर आली. मलय लोक अशा बाईला माकचिक म्हणतात, म्हणजे मावशी, काकू. तिने हातानेच विचारले, नमाज? आणि मग हात धरून आत नेले. वुजूची जागा दाखवली, कपाटातून पांढरा धुतलेला तेलेकुंग काढून दिला. तेलेकुंग म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा नमाजाचा पोशाख, तिथल्या मशिदींत बायकांसाठी ठेवलेलाच असतो.

नमाज झाल्यावर हौदाजवळ भेटलो. रात्रीपासून न बोललेली ती म्हणाली, "एकतीस वर्षांची झाले. मशिदीत जमातीने नमाज आज पहिल्यांदा पढले. आत केवढं मोठं झुंबर आहे, पाहिलंत?" झुंबर खरोखरच मोठे आहे. पण मशिदीतले झुंबर ही दोघांनी मिळून बघण्याची गोष्ट आहे, हे आमच्या आधी कधी ध्यानातच आले नव्हते. त्या संध्याकाळी नदीकाठी बसून आम्ही खूप बोललो. भांडण मिटले असे नाही, पण बोलणे सुरू झाले. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो आणि मग महिन्यातला एक शनिवार-रविवार मलाक्काचा, हे ठरूनच गेले.

हळूहळू त्या मशिदीची हकीकत कळत गेली. 'क्लिंग' हा शब्द कलिंगवरून आलेला. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या लोकांना मलय लोक असे म्हणत. त्या भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी 1748 मध्ये लाकडी मशीद बांधली आणि 1872 मध्ये ती विटांनी पुन्हा उभारली. छप्पर जावा-सुमात्राकडच्या पद्धतीचे, एकावर एक अशा तीन उतरत्या टप्प्यांचे, घुमट नाहीच. मनोरा चिनी वळणाचा. खांबांची डोकी युरोपी घडणीची, फरश्या इंग्लंड-पोर्तुगालकडच्या चकचकीत, झुंबर व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. गावात जे कारागीर होते त्यांना जे येत होते, त्यातून अल्लाहचे घर बांधले गेले. आमच्या दाभोळ खाडीकाठच्या गावात मशिदीला नवी कमान कोणत्या पद्धतीची असावी यावरून दोन वर्षे वाद चालला होता, त्याची आठवण झाली.

त्याच छोट्या रस्त्यावर पुढे 1781 चे गणपतीचे देऊळ आहे आणि आणखी थोडे पुढे सतराव्या शतकापासूनचे चेंग हून तेंग हे चिनी मंदिर. सोनारांची गल्ली असे या रस्त्याचे मलय नाव आहे. संध्याकाळी देवळातली घंटा, उदबत्तीचा वास आणि मगरिबची अजान एकाच वळणावर भेटतात.

दुसरी मशीद कम्पुंग हुलूची, 1728 ची. मलेशियात आजही नमाज चालू असलेल्या सर्वांत जुन्या मशिदींत तिची गणना होते. तिसरी तेंगकेराची, तीही त्याच काळातली. हिच्या आवारात जोहोरचे सुलतान हुसेन शाह यांची कबर आहे. 1819 मध्ये इंग्रजांच्या रॅफल्सशी ज्यांनी करार केला आणि ज्यातून आजचे सिंगापूर उभे राहिले, तेच हे सुलतान. त्यांचा इंतकाल 1835 मध्ये मलाक्कातच झाला. सिंगापूरची गगनचुंबी शोभा पाहून आलेल्यांनी ही साधी कबरही पाहावी.

चौथी मशीद मात्र नवी, 2006 ची, समुद्रात भराव घालून केलेल्या बेटाच्या कडेला खांबांवर उभी. भरतीच्या वेळी ती पाण्यावर तरंगते आहे असे वाटते. ओहोटीला खाली खांब दिसतात. तिथली मगरिब आम्ही शक्यतो चुकवली नाही. सामुद्रधुनीत सूर्य बुडतो, दूरवर मालवाहू जहाजांच्या रांगेत दिवे लागतात.

पण आम्हाला सर्वांत जवळची वाटली ती कम्पुंग हुलूची फजर. नदीजवळच्या एका छोट्या पाहुणघरात मुक्काम असला की अंधारातच चालत मशिदीत जायचो. पहिल्याच दिवशी दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामांनी हात उचलले आणि कुनूतची दुआ सुरू केली. आपल्या देशातल्या बहुतेक मशिदींत फजरला कुनूत नसते, कारण तिथे हनफी मसलक. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्या गावात फजरला कुनूत असतेच. मलय लोकही शाफई. घरापासून इतक्या दूर, भाषा न कळणाऱ्या गावात, इमामांच्या दुआवर साऱ्या जमातीची 'आमीन' अगदी गावातल्यासारखी उठली. पडद्याच्या दोन्ही बाजूंना आम्हा दोघांना एकाच वेळी अब्बांची आठवण झाली, हे नंतर नाश्त्याच्या वेळी कळले.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. अरबस्तान, कोकण, मलबार आणि मलय मुलूख यांना जोडणारा एकच समुद्र होता, आणि त्या समुद्रावरचे व्यापारी नि आलिम आपला मसलकही बरोबर नेत होते.

मलाक्का या नावाची गोष्ट मलय लोक आवडीने सांगतात. सुमारे 1400 च्या सुमारास परमेश्वर नावाचा सुमात्राकडचा एक राजपुत्र आसरा शोधत इथे आला. झाडाखाली विसावला असताना त्याच्या शिकारी कुत्र्याला एका इवल्याशा हरणाने लाथ मारून पाण्यात पाडले. जिथे हरणही इतके शूर, तिथेच राज्य करावे असे त्याने ठरवले आणि झाडाचे नाव विचारले. ते होते मलाका. हे झाड म्हणजे आपला आवळा! संस्कृतातल्या 'आमलक' शब्दाचाच तो मलय अवतार. आवळ्याच्या नावाचे शहर म्हटल्यावर आम्हाला ते आणखीच आपले वाटू लागले.

पुढे तिथल्या राजांनी इस्लाम स्वीकारला आणि शंभर वर्षांत मलाक्का पूर्वेचे सर्वांत मोठे बंदर झाले. कारण वारा. नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भारत-अरबस्तानची गलबते येत, ईशान्येच्या वाऱ्यावर चीनची. दोन्ही वारे जिथे भेटत, तिथे माल उतरवून परतीच्या वाऱ्याची वाट पाहायची. बंदरावर परदेशी व्यापाऱ्यांचे काम पाहणारे चार अधिकारी होते. त्यांना शाहबंदर म्हणत, हा फारसी शब्द. त्यांतला एक केवळ गुजरात्यांसाठी होता, एवढी त्यांची संख्या.

तोमे पिरेश नावाचा पोर्तुगीज औषधव्यापारी 1512 ते 1515 या काळात मलाक्कात राहिला. बंदरात 84 भाषा ऐकू येतात असे त्याने लिहून ठेवले आहे. तिथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची त्याची यादी लांबलचक आहे. कैरो, मक्का, एडनपासून सुरू होते आणि तिच्यात चौल, दाभोळ आणि गोवा ही नावे आहेत. दाभोळ! ज्या खाडीच्या काठी आम्ही दोघे वाढलो, जिथून आज फेरीबोटीने पलीकडे जातात, तिथले लोक पाचशे वर्षांपूर्वी इथे उभे होते. हे समजले तेव्हा आम्ही नदीच्या मुखाशी गेलो आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलो. त्यांच्या कबरी कुठे असतील, त्यांनी इथल्या मुलींशी निकाह केले असतील का, त्यांच्या घरच्यांनी खाडीवर किती पावसाळे वाट पाहिली असेल? आम्हाला तर रोज रात्री फोनवर अम्मींचा चेहरा दिसत होता आणि तरी करमत नव्हते.

त्यांचे आणि मलाक्काचे नशीब पुढेही एकच ठरले. 1508 च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या आल्मेदाने दाभोळ लुटून जाळले. 1510 मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1511 मध्ये, त्याच आल्बुकर्कने मलाक्का जिंकले. तिथे त्याने किल्ला बांधला. त्यासाठी मशिदींचे आणि सुलतानांच्या कबरींचे दगड वापरले, असे इतिहास सांगतो. आज त्या किल्ल्याचा एक दरवाजाच उरला आहे. बाकीचा 1807 मध्ये इंग्रजांनी पाडला. पर्यटक त्या दरवाजात हसत फोटो काढतात. आम्हीही पहिल्या वेळी काढला होता. दगडांची हकीकत कळल्यावर तिथून जाताना मुक्याने फातेहा पढू लागलो.

दरवाजामागच्या टेकडीवर सेंट पॉल चर्चचे उघडे, बिनछपराचे अवशेष आहेत. ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे, ते फ्रान्सिस झेवियर 1553 मध्ये काही महिने इथेच दफन होते. मग त्यांना गोव्याला नेण्यात आले. शहराच्या एका टोकाला पोर्तुगीज वंशजांची वस्ती आहे. त्यांची क्रिस्तांग बोली जुन्या पोर्तुगीज भाषेपासून झालेली. आमच्या कोकणात रेवदंड्याजवळच्या कोर्लई गावातली ख्रिस्ती माणसेही अशीच एक बोली बोलतात. इतिहास आपल्या मागे काय काय सोडून जातो!

शिक्षिकेला मात्र खरा आनंद मिळाला तो मलय भाषेत. माकचिकशी बोलता यावे म्हणून ती शिकायला लागली आणि पहिल्याच आठवड्यात चकित झाली. रोजाला मलय लोक 'पुआसा' म्हणतात. हा शब्द 'उपवास'. सवाबला म्हणतात 'पहाला', म्हणजे 'फळ'. गुनाहला 'दोसा', म्हणजे 'दोष'. जन्नतला 'शुर्गा', जहन्नमला 'नराका' आणि धर्माला 'आगामा'. रमजानचा चंद्र दिसला की सगळा देश 'पुआसा'च्या शुभेच्छा देतो. मराठीत बोलणारा, लिहिणारा मुसलमान म्हणून आम्हाला कधीमधी दोन्हीकडून टोमणे ऐकावे लागले आहेत. एकाला आमची मराठी संशयास्पद वाटते, दुसऱ्याला आमचा दीन. इथे एक अख्खी कौम 'उपवास' या शब्दाने रोजा ठेवते आणि तिच्या ईमानात काही कमी पडत नाही. (खाण्याच्या डोशाला मात्र तिथे 'तोसाई' म्हणतात, हे एक बरे!)

त्या भाषेच्या जोरावर पुढे ती आमच्या क्वालालंपूरच्या वस्तीतल्या सुरावमध्ये, म्हणजे छोट्या नमाजगृहात, बायकांच्या वर्गाला जाऊ लागली. दुसऱ्या वर्षी लहान मुलांना वाचायला बसवण्याचे काम तिच्याकडे आले. पगार नव्हता, पण सकाळी घराबाहेर पडायला कारण होते. घरातला डबा त्यानंतर दोघांनी मिळून भरायला सुरुवात केली.

खाण्याबद्दल लिहिले नाही तर घरची मंडळी रागावतील. मलाक्काचे आसाम पेदास म्हणजे चिंचेच्या आंबट-तिखट रश्शातले मासे; भाताबरोबर खाताना डोळे मिटले तर आपण खाडीकाठीच आहोत. चेंदोल म्हणजे बर्फाच्या किसावर नारळाचे दूध, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया आणि वरून गुला मलाका, म्हणजे माडाच्या रसाचा काळपट गूळ. पहिला घास घेतला आणि दोघांच्याही तोंडून एकदम निघाले, "खापरोळीचा रस!" जोंकर गल्लीत शुक्रवार ते रविवार संध्याकाळी बाजार भरतो. तिथे पुष्कळ खाणे चिनी पद्धतीचे आणि आपल्याला न चालणारे असते; सरकारी हलाल चिन्ह पाहूनच बसावे. नदीकाठच्या कम्पुंग मोर्तेन या मलय वस्तीतली खांबांवरची लाकडी घरे आणि त्यांच्या रंगीत पायऱ्या जरूर पाहाव्यात. 2008 पासून हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, त्यामुळे गर्दी वाढली आहे; तरी सकाळी नऊच्या आत गल्ल्या शांत असतात.

करार संपला आणि आम्ही परतलो. निघण्यापूर्वीच्या रविवारी कम्पुंग क्लिंगला गेलो. माकचिक त्या दिवशी आजारी होत्या, भेट झाली नाही. त्यांच्यासाठी नेलेली हापूसच्या पोळीची पुडी तिथल्या दुसऱ्या बाईकडे ठेवून आलो.

गावी आल्यावर आम्ही जमातीकडे एक अर्ज दिला. आमच्या फाट्यावर एसटी बदलणाऱ्या, दवाखान्यात, बाजारात येणाऱ्या कितीतरी बायका असतात. त्यांना वेळेवर नमाज पढता यावी म्हणून मदरशाच्या मागची रिकामी खोली, एक नळ आणि दोन चटया मिळाव्यात, एवढीच विनंती. बुजुर्गांनी शांतपणे ऐकून घेतले. एक चाचा म्हणाले, "चांगली गोष्ट आहे, पण बायका येतील का?"

घरी येऊन अम्मींना सांगितले. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "दार उघडलंच नाही, तर येतील की नाही ते कळणार कसं?"

अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. मलाक्काहून आणलेले चार तेलेकुंग आम्ही धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवले आहेत.